सही करण्याआधी ‘सेव्हरली’ समजून घेऊ या

मागच्या महिन्यात आमच्या एका गटाच्या बैठकीत कर्जाचा कागद आला. सगळा इंग्रजीत. मी बी.ए. झालेली, म्हणून तायांनी तो माझ्यापुढे सरकवला. त्यात ‘जॉइंटली अँड सेव्हरली’ असे शब्द होते. शाळेत शिकले होते, सेव्हरल म्हणजे अनेक, बरेच. मी सांगून टाकलं, “सगळ्यांनी मिळून फेडायचं, एवढंच.” एका ताईंना ते ‘सिव्हिअरली’ ऐकू आलं. म्हणाल्या, “कडक वसुली करणार वाटतं!” आम्ही हसलो. घरी येऊन मोठा शब्दकोश उघडला तेव्हा समजलं, मी चुकीचं सांगितलं होतं.

सेव्हरल आणि सेपरेट हे दोन्ही शब्द एकाच लॅटिन मुळातले. सेव्हरलचा जुना अर्थ वेगळा, स्वतंत्र, ज्याचा त्याचा. ‘सभा संपली आणि बायका आपापल्या वाटेनं गेल्या’ यातलं ‘आपापल्या’ जुन्या वळणाच्या इंग्रजीत सेव्हरलनं सांगतात. रोजच्या बोलण्यात ‘अनेक’ हा अर्थ राहिला, कायद्याच्या कागदात मात्र जुनाच चालतो. मराठी कागदात तिथं ‘संयुक्तपणे व पृथकपणे’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. तेही आपल्याला कुठं चटकन कळतं म्हणा!

आता हिशोब बघा. दहा जणींनी तीन लाख घेतले, वाट्याला तीस-तीस हजार. कागदात नुसतं ‘सेव्हरली’ असेल तर जिची तिची जबाबदारी तीस हजारांपुरती. पण ‘जॉइंटली अँड सेव्हरली’ असेल, तर सगळ्या मिळून जबाबदार आणि प्रत्येक जण एकटीसुद्धा पूर्ण कर्जाला जबाबदार. दोघी ऊसतोडीला गेल्या आणि हप्ते थांबले, तर कर्ज देणारा उरलेली सगळी रक्कम तुमच्या एकटीकडे मागू शकतो. “माझे हप्ते फिटले, माझा काय संबंध?” हे तिथं चालत नाही.

मग तो शब्द खोडायला लावावा का? त्यानं सुटका होत नाही. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 43 प्रमाणे अनेकांनी मिळून वचन दिलं असेल आणि कागदात वेगळं ठरलं नसेल, तर त्यातल्या कोणाही एकाकडून पूर्ण वचन पाळून घेता येतं.

त्याच कलमात आपल्या उपयोगाचीही गोष्ट आहे. जिनं जास्त भरलं, ती बाकीच्यांकडून त्यांचा वाटा मागू शकते. पण आपसात वेगळं ठरलेलं नसेल तर हा वाटा सारखा धरतात. आमच्या गटात एकीला दहा हजार हवे होते, दुसरीला साठ. सारखा वाटा धरला तर दहा हजारवालीवर अन्यायच की! म्हणून कोणी किती घेतले आणि जिनं जेवढे घेतले तेवढा तिचा वाटा, हे कर्ज उचलण्याआधीच आपसातल्या करारात लिहून सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. इतिवृत्ताच्या वहीतही नोंद करावी. कर्ज देणाऱ्याचा हक्क त्यानं कमी होत नाही, पण आपसातलं भांडण सोडवायला आधार राहतो.

पुढच्या बैठकीत मी आधी माझी चूक सांगितली, मग हा हिशोब फळ्यावर मांडला. थोडा वेळ कोणी बोललंच नाही. मग दोघींनी आपली रक्कम कमी केली. एक ताई म्हणाल्या, “मला घरी विचारू दे.” त्यांच्यासाठी आम्ही आठवडाभर थांबलो आहोत. कागद अजून माझ्या पिशवीतच आहे.