विश्लेषण : साडेसहाशे वर्षांचा तट आणि आत नांदते गाव... चीनमधील पिंगयाओ टिकले कसे?

चिनी नागरिकांसाठी भारताचा पर्यटन व्हिसा जुलै २०२५ मध्ये पाच वर्षांनंतर पुन्हा सुरू झाला. ऑक्टोबरअखेरीपासून दोन्ही देशांदरम्यान थेट विमानेही उडू लागली. चीनला जाणारे बहुतेक पर्यटक बीजिंगजवळची भिंत आणि शिआनचे मातीचे सैनिक पाहून परततात. या दोन शहरांच्या मधल्या रेल्वेमार्गावर पिंगयाओ हे तटबंदीचे जुने शहर आहे. ते टिकले यामागे जितकी दूरदृष्टी आहे, तितकीच गरिबीही आहे.

पिंगयाओचे वेगळेपण काय?

उत्तर चीनमधील शान्शी प्रांतात, तैयुआन या प्रांताच्या राजधानीपासून दक्षिणेला सुमारे शंभर किलोमीटरवर पिंगयाओ आहे. तटाच्या आतले क्षेत्रफळ जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटर. तटबंदी असलेली शहरे चीनमध्ये इतरही आहेत. शिआनचा तट १३.७ किलोमीटर लांबीचा, म्हणजे पिंगयाओच्या दुपटीहून मोठा आहे. पण त्याच्या आत मॉल, कार्यालये आणि रुंद रस्ते असलेले आधुनिक शहर आहे. बीजिंगचा तट १९५० आणि १९६० च्या दशकांत पाडण्यात आला. त्याच्या मार्गावरून आज दुसरा रिंग रोड आणि भुयारी मेट्रो धावते.

पिंगयाओत मात्र तट, रस्त्यांची मूळ आखणी, पेठा, देवळे, सरकारी कचेरी आणि राहती घरे असे सगळे एकत्र शिल्लक आहे. मिंग आणि छिंग राजवटींच्या काळातील सुमारे चार हजार वाडे येथे आहेत. त्यामुळेच युनेस्कोने १९९७ मध्ये जुने शहर आणि जवळची दोन मंदिरे यांना मिळून जागतिक वारसा यादीत स्थान दिले.

तट कसा आहे?

आजचा तट १३७० मध्ये, मिंग राजवटीच्या सुरुवातीला बांधला गेला. त्याचा घेर सहा किलोमीटरहून थोडा अधिक आणि उंची दहा ते बारा मीटर आहे. तीन बाजू सरळ रेषेत आहेत, तर दक्षिणेची बाजू नदीच्या वळणाप्रमाणे वाकडीतिकडी गेली आहे. तटाला ७२ बुरूज आणि तीन हजार चर्या आहेत. कन्फ्यूशियसचे तीन हजार शिष्य आणि त्यांतील ७२ ज्ञानी, यांच्याशी या आकड्यांचा संबंध जोडला जातो.

वेशी सहा आहेत. दक्षिणेची वेस हे डोके, उत्तरेची शेपूट आणि पूर्व-पश्चिमेच्या दोन-दोन वेशी हे चार पाय, अशी कल्पना करून स्थानिक लोक पिंगयाओला ‘कासवाचे शहर’ म्हणतात. चीनमध्ये कासव दीर्घायुष्याचे प्रतीक मानले जाते. हे कासव पळून जाऊ नये म्हणून त्याचा एक पाय दूरच्या पॅगोडाला दोराने बांधून ठेवला आहे, अशीही दंतकथा सांगितली जाते.

तट बाहेरून विटांचा दिसत असला, तरी त्याचा गाभा धुमसाने ठोकून घट्ट केलेल्या मातीचा आहे. ही बाब पुढे महत्त्वाची ठरते.

एवढ्या लहान शहरात पैसा आला कुठून?

शान्शीचे व्यापारी मिंग आणि छिंग काळात मीठ, चहा, कापड आणि धान्याचा व्यापार दूरदूरच्या प्रांतांत करत. मोठी अडचण होती ती पैसे पाठवण्याची. चांदी पेट्यांत भरून, हत्यारबंद रक्षकांच्या पहाऱ्यात न्यावी लागे. वाटेत लुटारूंची भीती असे आणि खर्चही मोठा होई.

पिंगयाओतील एका रंगाच्या पेढीची बीजिंगमध्ये शाखा होती. बीजिंगमधील गाववाले तेथे पैसे भरत आणि त्यांचे घरचे लोक पिंगयाओत तेवढीच रक्कम उचलत. हाच व्यवहार मुख्य धंदा होऊ शकतो, हे पेढीचे व्यवस्थापक लेई ल्युताई यांनी ओळखले. १८२३ च्या सुमारास मालक ली कुटुंबाच्या भांडवलावर ‘रिशेंगचांग’ ही चीनमधील पहिली हुंडी-पेढी उभी राहिली. अशा पेढीला चिनी भाषेत ‘प्याओहाओ’ म्हणतात. एका गावी चांदी भरायची, चिठ्ठी घ्यायची आणि दुसऱ्या गावी ती दाखवून पैसे घ्यायचे, ही पद्धत आपल्याकडील हुंडीच्या जवळची आहे. चीनच्या बँक व्यवसायाचा इतिहास म्हणूनच या पेढीपासून सांगितला जातो.

बनावट चिठ्ठ्या रोखण्यासाठी सांकेतिक लिपी वापरली जाई. महिना, तारीख आणि रक्कम यांसाठी अंकांऐवजी ठरावीक अक्षरे लिहीत. बारा महिन्यांची बारा अक्षरे ओळीने वाचली की बनावट हुंडीपासून सावध राहण्याची सूचना देणारे वाक्य तयार होई. ही लिपी ठरावीक काळाने बदलली जात असे. नोकर निवडताना स्थानिक आणि जामीन असलेली माणसेच घेत. बाहेरगावच्या शाखेत त्यांना तीन-तीन वर्षे कुटुंबाविना राहावे लागे. पण जुन्या आणि भरवशाच्या नोकरांना नफ्यात वाटाही मिळे. एकोणिसाव्या शतकात चीनमधील अशा पेढ्यांपैकी जवळपास निम्म्यांची मुख्यालये या एका गावात होती. आज दिसणारे अनेक मोठे वाडे त्याच पैशातून उभे राहिले.

मग गरिबीने शहर वाचवले, ते कसे?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किनारपट्टीच्या शहरांत आधुनिक बँका आल्या. १९११ च्या क्रांतीनंतर छिंग राजवट कोसळली आणि पेढ्यांची कर्जे बुडाली. रिशेंगचांग १९१४ मध्ये दिवाळखोरीत गेली. हळूहळू पिंगयाओतील बाकीच्या पेढ्याही बंद पडल्या.

पुढच्या काही दशकांत शांघाय, तिआनजिनसारखी शहरे वाढत गेली. पिंगयाओत मात्र जुने पाडून नवे बांधण्याइतका पैसाच उरला नव्हता. वाड्यांत भाडेकरू आले, एका कुटुंबाच्या घरात अनेक बिऱ्हाडे झाली, पण भिंती तशाच राहिल्या. ज्या काळात इतरत्र तट पाडून रस्ते रुंद करणे हीच प्रगती मानली जात होती, त्या काळात या गावाला ती परवडली नाही.

१९८१ मध्ये काय घडले?

आर्थिक सुधारणांनंतर पिंगयाओलाही विकासाचे वेध लागले. जुन्या शहरातून रुंद रस्ते काढण्याचा आराखडा तयार झाला आणि पश्चिमेकडून पाडकाम सुरूही झाले. शांघायच्या तोंगची विद्यापीठातील नगररचनेचे प्राध्यापक रुआन यीसान यांनी ते थांबवण्यासाठी धडपड केली. आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी १९८१ मध्ये पर्यायी आराखडा तयार केला आणि बीजिंगमधील वारसातज्ज्ञांचा पाठिंबा मिळवला.

या आराखड्याचे सूत्र साधे होते : जुन्या शहराला हात लावायचा नाही, नवे शहर तटाबाहेर वसवायचे. कारखाने, नवी वस्ती आणि रुंद रस्ते बाहेर गेले. १९८६ मध्ये केंद्र सरकारने पिंगयाओला ‘राष्ट्रीय ऐतिहासिक-सांस्कृतिक शहर’ म्हणून मान्यता दिली. गरिबीमुळे जे योगायोगाने वाचले होते, ते टिकवण्याचा निर्णय येथे पहिल्यांदा जाणीवपूर्वक घेतला गेला.

तटाला आता धोका नाही का?

आहे, आणि तो पाण्याचा आहे. मातीच्या गाभ्यात पाणी मुरले की माती फुगते, सरकते आणि तिच्यासोबत विटांचे आवरणही ढासळते. तटाची आतली बाजू बऱ्याच ठिकाणी उघड्या मातीचीच आहे. वरचे पाणी खाली वाहून नेणाऱ्या पन्हळी तुंबल्या, तर ते थेट भिंतीत शिरते. २००४ मध्ये दक्षिण वेशीजवळ तटाचा काही भाग कोसळला होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये शान्शीत अनेक दिवस मुसळधार पाऊस पडला, तेव्हा तटाला अनेक ठिकाणी हानी पोहोचली आणि सुमारे २५ मीटर लांबीचा भाग ढासळला.

शान्शी हा तुलनेने कोरड्या हवेचा प्रांत. मातीचा तट साडेसहाशे वर्षे टिकला त्यात या हवेचा वाटा मोठा आहे. पावसाचे मान बदलले, तर केवळ जुन्या पद्धतीची डागडुजी पुरणार नाही. पाणी कुठून मुरते, यावर सतत लक्ष ठेवावे लागेल.

आत राहणाऱ्यांचे काय?

तटाच्या आत आजही हजारो लोक राहतात. पण पूर्वीपेक्षा कमी. जागतिक वारसा यादीत नाव आल्यानंतर सरकारी कचेऱ्या, शाळा आणि अनेक कुटुंबे बाहेर हलवण्यात आली. मुख्य रस्त्यांवरील वाड्यांची हॉटेले आणि दुकाने झाली. खारवलेले गोमांस, व्हिनेगर, लाखकामाच्या पेट्या आणि सगळीकडे मिळणाऱ्या भेटवस्तू अशी दुकानांची रांग तेथे दिसते.

दुसरीकडे, वाड्यात राहायचे तर दुरुस्तीचा खर्च मोठा. लाकूडकाम, कौले आणि मातीच्या विटा यांची पारंपरिक पद्धतीने दुरुस्ती करणारे कारागीरही कमी झाले आहेत. खासगी वाड्यांच्या दुरुस्तीसाठी स्थानिक प्रशासनाने अनुदान सुरू केले ते यामुळेच. शहराला पर्यटनाखेरीज दुसरी ओळख देण्याचेही प्रयत्न झाले. २००१ पासून येथे आंतरराष्ट्रीय छायाचित्र महोत्सव होतो. जवळच्या फेनयांगमध्ये वाढलेले दिग्दर्शक जिया झांगके यांनी २०१७ मध्ये एका जुन्या डिझेल इंजिन कारखान्याच्या आवारात चित्रपट महोत्सव सुरू केला. तरीही मूळ प्रश्न कायम आहे. राहणारेच निघून गेले, तर उरेल तो केवळ देखावा.

जायचे कसे, पाहायचे काय?

बीजिंगहून वेगवान रेल्वेने साधारण चार तासांत, तर शिआनहून सुमारे तीन तासांत पिंगयाओ गाठता येते. ‘पिंगयाओ गुचेंग’ हे स्थानक जुन्या शहरापासून काही किलोमीटर दूर आहे. तेथून बस किंवा टॅक्सी मिळते. ‘पिंगयाओ’ नावाचे जुने स्थानक वेगळे आहे, हे तिकीट काढताना पाहावे. रेल्वे तिकिटासाठी पासपोर्ट लागतो. रोख पैशांचा वापर फार कमी असल्याने अलीपे किंवा वीचॅट ही अ‍ॅप आणि भाषांतराचे अ‍ॅप आधीच मोबाइलमध्ये घेतलेले बरे.

शहरात फिरायला पैसे लागत नाहीत. तटावर चढण्यासाठी आणि संग्रहालयांसाठी एकत्रित तिकीट असते. त्यात रिशेंगचांगची पेढी, जुनी कचेरी, नगरदेवतेचे मंदिर आणि कन्फ्यूशियसचे मंदिर ही ठिकाणे चुकवू नयेत. कन्फ्यूशियस मंदिराचा मुख्य मंडप ११६३ चा, म्हणजे तटाहूनही दोनशे वर्षे जुना आहे. गावाबाहेरच्या श्वांगलिन मंदिरात दोन हजारांहून अधिक रंगीत मातीच्या मूर्ती आहेत, तर झेनग्वो मंदिरातील लाकडी मंडप ९६३ मधला आहे. चीनमधील सर्वांत जुन्या लाकडी इमारतींत त्याची गणना होते.

एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हा काळ चांगला. मात्र १ मे आणि १ ऑक्टोबरच्या सुट्ट्यांतील गर्दी टाळावी. हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो. शाकाहारींनी नूडल्सवरच्या रश्श्यात मांस आहे का, हे विचारून घ्यावे.

बरेच पर्यटक दुपारी येऊन संध्याकाळी परततात. शक्य असल्यास एक रात्र तटाच्या आतल्या एखाद्या वाड्यात राहावे. तेथे ‘कांग’ हा विटांचा, पूर्वी खालून शेगडीने तापवला जाणारा ओटाच पलंग म्हणून वापरतात. दुकाने उघडण्याआधी, सकाळी सातच्या सुमारास मागच्या गल्ल्यांत गेले की दारासमोर झाडणारे, मुलांना तटाबाहेरच्या शाळेत सोडायला निघालेले आणि सायकलवरून भाजी आणणारे पिंगयाओकर दिसतात. युनेस्कोच्या यादीत ज्याला ‘शहर’ म्हटले आहे, ते यांच्यामुळेच शहर आहे.