स्टॅटिन औषधे आणि धमनीकाठिण्य

धमनीकाठिण्य म्हणजे नळात क्षार साचावेत तसे रक्तवाहिनीत कोलेस्टेरॉल साचणे, असा समज आढळतो. प्रत्यक्षात हा साठा धमनीच्या भिंतीच्या आत तयार होतो.

रक्तातील एलडीएल कण धमनीच्या अस्तराखाली शिरून अडकतात आणि त्यांचे ऑक्सिडीकरण होते. भक्षक पेशी हे कण गिळतात आणि मेदाने भरून फेनपेशी बनतात. दाह सुरू राहतो आणि मेदाचा मऊ गाभा वाढतो. त्याभोवती तंतुमय आवरण तयार होते. हे आवरण पातळ होऊन फाटले, की गाभ्याचा रक्ताशी संपर्क येऊन गुठळी होते. हृदयविकाराचे बहुतेक झटके अशा गुठळीमुळे येतात. त्याआधी धमनी फारशी अरुंद झालेली असतेच असे नाही.

अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात जपानमध्ये पेनिसिलियम बुरशीतून पहिले स्टॅटिन शोधले. यकृतात कोलेस्टेरॉल तयार होण्यासाठी एचएमजी-कोए रिडक्टेज हे विकर लागते. स्टॅटिन ते रोखते. पेशीतील कोलेस्टेरॉल घटल्यामुळे यकृतपेशी आपल्या पृष्ठभागावर अधिक एलडीएल-ग्राही आणतात आणि रक्तातील एलडीएल ओढून घेतात. म्हणजे रक्तातील घट मुख्यतः या वाढलेल्या ग्राहींमुळे होते.

याचा धमनीवर काय परिणाम होतो? २००६ च्या अ‍ॅस्टेरॉइड अभ्यासात रुग्णांना दोन वर्षे दररोज ४० मिलिग्रॅम रोसुवास्टॅटिन दिले गेले. धमनीच्या आतून केलेल्या ध्वनिलहरी तपासणीत साठ्याचे प्रमाण सरासरी जेमतेम १ टक्काबिंदूने घटलेले दिसले. याउलट, १९९४ च्या स्कँडिनेव्हियन अभ्यासात ४,४४४ हृदयरुग्णांपैकी सिम्वास्टॅटिन घेणाऱ्या गटात एकूण मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी होता. औषधे व रुग्ण वेगळे असल्याने या आकड्यांची थेट तुलना होत नाही. तरी साठ्यात अल्प घट आणि धोक्यात मोठी घट, हे चित्र इतर अभ्यासांतही दिसते.

याचे मुख्य स्पष्टीकरण साठ्याच्या स्वरूपात आहे. नवे एलडीएल कमी शिरते, दाह शमतो, गाभ्यातील मेद घटतो, आवरण जाड होते आणि फाटण्याची शक्यता कमी होते. काही साठ्यांत कॅल्शियम वाढलेलेही दिसते.

म्हणून अँजिओग्राफीत अडथळा पूर्वीइतकाच दिसला, तरी औषध निरुपयोगी ठरले असा निष्कर्ष काढता येत नाही. त्या आधारावर रुग्णाने परस्पर औषध थांबवणे धोक्याचे ठरू शकते.