सिएनाचा चौक आणि वर चढलेलं पाणी

आज आपण इटलीला जाऊ. तिथल्या तोस्काना प्रांतात सिएना नावाचं टेकड्यांवर वसलेलं जुनं शहर आहे. त्याच्या मधोमध एक भला मोठा चौक आहे, पियात्सा देल काम्पो. काम्पो म्हणजे शेत किंवा मैदान.

चौकात जायला तिकीट नाही. कडेच्या हॉटेलांत खुर्चीवर बसलं तर पैसे पडतात, पण लोक सरळ खालच्या विटांवरच बसतात, मुलंबाळं घेऊन. बसायला बरं वाटतं, कारण जमीन सपाट नाही. एका बाजूला कललेल्या परातीसारखी ती उतरत जाते आणि पावसाचं पाणी खालच्या टोकाच्या मोरीत जातं. ही विटांची फरसबंदी १३४९ साली पुरी झाली. पांढऱ्या दगडाच्या पट्ट्यांनी तिचे नऊ भाग केलेत, कारण तेव्हा शहराचा कारभार नऊ जणांचं मंडळ बघायचं. नवाच्या नऊ पुरुष, हेही सांगायलाच हवं!

चौकाभोवतीची घरं एकमेकींना शोभतात, तो योगायोग नाही. १२९७ साली नियमच झाला होता की चौकाकडच्या खिडक्या एकाच धाटणीच्या हव्यात आणि सज्जे बाहेर काढायचे नाहीत. श्रीमंताच्या घरालाही तोच नियम.

आता पाण्याचं. गाव वर आणि झरे खाली, म्हणजे काय हाल होतात ते आपल्याला समजावून सांगायला नको. सिएनाच्या लोकांनी खडकात हातांनी भुयारं खोदली, सगळी मिळून जवळपास २५ किलोमीटर. खडकातून झिरपणारं पाणी त्यांतून हलक्या उताराने वाहत येतं. पंप नाही, काही नाही. १३४२ साली ते चौकाच्या वरच्या अंगाला पोचलं. तिथल्या कारंज्याचं नाव फोंते गाया, म्हणजे आनंदी कारंजं. पुढे याकोपो देल्ला क्वेर्चा या शिल्पकाराने ते संगमरवरात घडवलं आणि त्यावर बाळं घेतलेल्या दोन बायाही कोरल्या. आज तिथे दिसते ती नक्कल, मूळ दगड संग्रहालयात जपलेत.

चौकातून खाली उतरून गेलं की फोंतेब्रांदा हा त्याहून जुना पाणवठा लागतो. त्याला तीन हौद. पहिल्यातलं पाणी प्यायला, त्यातून सांडलेलं दुसऱ्यात जनावरांना, आणि तिथून पुढचं तिसऱ्यात धुण्याला. हा क्रम आम्हाला सगळ्या शोभेपेक्षा जास्त आवडला.

२ जुलै आणि १६ ऑगस्टला चौकात माती पसरून घोड्यांची शर्यत होते. तेव्हा इतकी गर्दी असते की पाय ठेवायला जागा नसते. निवांत बघायचं तर हे दिवस टाळावेत.

चौकाच्या खालच्या बाजूला उंच मनोऱ्याची नगरपालिकेची इमारत आहे. नऊ जणांच्या बैठकीच्या खोलीत आंब्रोज्यो लोरेन्झेत्तीने १३३८-३९ मध्ये भिंतभर चित्रं काढली. चांगल्या कारभाराच्या चित्रात शहराला लागूनच शेतं आहेत, मळणी चालू आहे, गाढवांवर माल लादून शेतकरी वेशीकडे निघालेत. समोरच्या भिंतीवर वाईट कारभार. तिथे शेतं ओस पडलीत आणि वाटेने हत्यारबंद शिपाई फिरताहेत.