बाटलीतलं टॉनिक आणि मुळाखालचं पाणी

सौसरला आमच्या गोठ्यातल्या फळीवर रिकाम्या बाटल्यांची एक रांग आहे. एकीवर हसणारा शेतकरी, एकीवर समुद्राची लाट. भंगारवाला येईल म्हणून बाबांनी त्या ठेवल्यात. मागच्या पावसाळ्यात त्या सगळ्या आमच्या संत्र्याच्या बगीच्यावर रिकाम्या झाल्या.

खालच्या बांधाकडची झाडं पिवळी पडत होती, आंबिया बहाराची फळं गळत होती. दुकानदार म्हणाला, टॉनिक मारा. बाबा पुण्याला मला फोन करायचे, "पाऊस उघडला की अजून एक फवारा देतो." मी इथून "हो, द्या" म्हणायचो. बाटलीवर काय लिहिलंय, हे एकदाही विचारलं नाही.

पांढुर्णा-सौसरकडे ज्यांचं वावर आहे, त्यांना हा शब्द नवा नाही. टॉनिक, म्हणजे कायद्याच्या भाषेत बायोस्टिम्युलंट, मराठीत जैव-उत्तेजक. समुद्री शेवाळाचा अर्क, ह्युमिक आणि फुल्विक आम्ल, अमिनो आम्लं असे त्याचे प्रकार. केंद्र सरकारने 23 फेब्रुवारी 2021 ला ते खत नियंत्रण आदेशात आणलं. तिथली व्याख्या वाचण्यासारखी आहे: झाडाच्या अंगच्या क्रिया चेतवणं, अन्न उचलायला, ताण सोसायला मदत करणं हे त्याचं काम, त्यात पोषणद्रव्य किती, याच्याशी संबंध नाही. म्हणजे ते जेवण नव्हे, फार तर भूक वाढवणारं चाटण. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत 46 टक्के नत्र, म्हणजे वीस किलोंहून जास्त. लिटरभराची बाटली ती जागा कशी भरणार?

पण म्हणून ते थोतांड आहे असंही नाही. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत लोह आणि जस्त असूनही झाडाला मिळत नाही. शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. ह्युमिक आम्ल अशी द्रव्यं धरून ठेवून मुळांपर्यंत जायला मदत करतं. शेवाळाच्या अर्काची तर मला गंमत वाटते. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्थेने ताज्या लाल शेवाळातून द्रवरूप अर्क काढायची पद्धत बसवली. ते शेवाळ तमिळनाडूच्या किनाऱ्यावर दोरांना बांधून वाढवतात. तिथलं पाणवनस्पतीचं सत्त्व सातपुड्याच्या पायथ्याच्या संत्र्यावर पडतं! उन्हाच्या तडाख्यात किंवा ताण तोडल्यावर त्याचा उपयोग होऊ शकतो. अट एकच, खालचं मूळ जिवंत हवं.

आमचं घोडं तिथेच अडलं होतं. दिवाळीत घरी गेलो आणि कुदळीने एका झाडाचं आळं उकरलं. बारीक मुळांची साल बोटांत सुटून आली, कुजका वास आला. खोडावर डिंकही होता. तो डिंक्या, साचलेल्या पाण्यात फोफावणाऱ्या फायटोफ्थोरा बुरशीचा. ठिबकचे पाइप टाकताना आम्हीच उताराची नाली बुजवली होती आणि विसरून गेलो होतो. कुजलेल्या मुळावर पानांतून चाटण दिलं तर काय होणार? अकरा झाडं गेली. बाबांनी ती लावली तेव्हा मी सातवीत होतो.

बाटल्यांचीही चौकशी केली. कायद्याप्रमाणे बायोस्टिम्युलंट कोणत्या पिकासाठी आणि किती मात्रेत, हे लेबलवर हवं. 2021 नंतर तात्पुरत्या नोंदणीवर माल विकायची मुभा होती, ती 16 जून 2025 ला संपली. त्याच जुलैत कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी सांगितलं, की एके काळी अशी सुमारे 30,000 उत्पादनं बेबंद विकली जात होती, मग 8,000 उरली आणि कडक तपासणीनंतर साधारण 650. आणखी एक गोष्ट: फळगळीसाठी फवारतात ते जिब्रेलिक अ‍ॅसिड बायोस्टिम्युलंट नव्हे. ते वाढनियंत्रक, कीटकनाशक कायद्याखालचं. आमच्या फळीवरच्या दोन बाटल्यांवर पिकाचं नावच नव्हतं. "सर्व पिकांसाठी" एवढंच.

तुम्ही माझ्यासारखे लांब राहत असाल आणि घरून "कोणतं टॉनिक घेऊ?" असा फोन आला, तर आधी माती परीक्षणाचा अहवाल मागा, आणि पावसानंतर पाणी किती वेळ थांबतं ते विचारा. जमलं तर लेबलचा फोटो मागवा. मी आता मागवतो. बाबा कुरकुरतात, पण पाठवतात.

या हंगामात नाली मोकळी केली, शेणखत आणि निंबोळी ढेप घातली, खत अहवालाप्रमाणे दिलं. शेवाळाचा अर्क एकाच ओळीला मारायचा आणि शेजारची कोरी ठेवायची, असं ठरलं. परवा बाबांचा फोन आला. "त्या कोऱ्या ओळीकडे पाहून जीव तुटते रे. थोडंसं मारू का?"

"बाबा, तोडणीपर्यंत थांबा."

"बरं," म्हणाले. त्यांनी मारलं नसेल याची मला काही खात्री नाही.