बँकेतला सर्व्हर गेला कुठे?

मित्रांनो, पंधरा-वीस वर्षांपूर्वीची तालुक्याच्या गावातली सहकारी बँक आठवून बघा. मॅनेजरच्या केबिनमागे एक छोटी एसी खोली, आत एक सर्व्हर, खाली यूपीएसच्या बॅटऱ्या आणि दारावर ‘चपला बाहेर काढाव्यात’ अशी पाटी! आज अनेक शाखांत त्या खोलीत जुनी रजिस्टरं पडलेली असतात. मग तो सर्व्हर गेला कुठे? आणि त्याची निगा राखणाऱ्या कंपनीचं काय झालं?

आधी दुरुस्ती, मग देखरेख

सुरुवातीला ही निगा एएमसीवर चालायची, म्हणजे वर्षाचा देखभाल करार. मशीन बंद पडलं की फोन करायचा. मग इंजिनिअर बॅग घेऊन एसटीने किंवा मोटारसायकलने येणार, तोपर्यंत काउंटरवर रांग. थोडक्यात, ‘बिघडलं की बोलवा’.

इंटरनेट बरं मिळू लागलं तशी ही पद्धत बदलली. कंपनी आपल्या ऑफिसात बसूनच दहा-वीस ग्राहकांची मशीन बघू लागली. हार्डडिस्क भरत आली, बॅकअप झाला नाही, की तिला ग्राहकाच्या आधी कळायचं. पैसे दरमहा ठरलेले. अशा कंपनीला मॅनेज्ड सर्व्हिस प्रोव्हायडर, म्हणजे एमएसपी म्हणतात. इथे गंमत बघा, दर ठरलेला असल्यामुळे बिघाड झाला तर तोटा कंपनीचाच. त्यामुळे बिघाड होऊच नये, यात तिचाही फायदा असतो.

क्लाउड म्हणजे सामाईक कारखाना

क्लाउड समजायला आपल्या नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर) मुलांना लांब जायला नको. एकट्या शेतकऱ्याला साखर कारखाना उभारणं शक्य नव्हतं. म्हणून पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने 1950 च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा राहिला. यंत्र एक, वापरणारे अनेक. क्लाउडचंही तेच. हजारो सर्व्हर एका डेटा सेंटरमध्ये असतात. ज्याला जेवढं लागेल तेवढं त्याने घ्यावं आणि वापराप्रमाणे पैसे द्यावेत.

अशी डेटा सेंटर आता जवळच आहेत. मायक्रोसॉफ्टने 2015 साली पुण्यात आणि अ‍ॅमेझॉनने 2016 साली मुंबईत क्लाउड सेवा सुरू केली. शेजारच्या नाशिकची, 2005 साली स्थापन झालेली ईएसडीएस सहकारी बँकांना क्लाउड पुरवते. रिझर्व्ह बँकेनेही 2016 मध्ये लहान नागरी सहकारी बँकांसाठी सामाईक कोअर बँकिंगची योजना आणली. त्यात सुरुवातीच्या उभारणीचे 4 लाख रुपये रिझर्व्ह बँकेने द्यायचे आणि पुढचा चालू खर्च बँकेने करायचा, अशी सोय होती.

पण एक फरक लक्षात ठेवा. कारखान्याचा शेतकरी सभासद असतो, त्याला मत असतं. क्लाउडवर आपण नुसते ग्राहक. आपल्या हातात असतो तो फक्त करार!

मग एमएसपीला काम काय उरलं?

सर्व्हरच नाही म्हटल्यावर एमएसपीचं दुकान बंद व्हायला हवं होतं. उलट काम वाढलं, फक्त त्याचं रूप बदललं:

1. जुना डेटा एकही खातं न हरवता क्लाउडवर नेणे.
2. कोणाला काय उघडता येईल ते ठरवणे आणि नोकरी सोडलेल्या माणसाचा पासवर्ड त्याच दिवशी बंद करणे.
3. बॅकअप घेणे आणि तो परत लावून बघणे. न तपासलेल्या बॅकअपचा भरवसा नाही.
4. बिलावर लक्ष ठेवणे. शेतातली मोटार चालू राहिली तर विजेचं बिल येतं, तसंच विसरलेल्या सर्व्हरचंही येतं.
5. चोवीस तास सुरक्षेची पाळत.

31 जुलै 2024

सगळं दुसऱ्याच्या हाती दिलं की काय होऊ शकतं, ते या दिवशी दिसलं. टीसीएस आणि स्टेट बँक यांची भागीदारी म्हणून सुरू झालेली सी-एज ही कंपनी सहकारी व ग्रामीण बँकांना तंत्रज्ञान पुरवते. तिच्यावर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. संसर्ग पसरू नये म्हणून एनपीसीआयने तिला पेमेंट यंत्रणेपासून तोडलं. सुमारे 300 लहान बँकांच्या ग्राहकांना फटका बसल्याच्या बातम्या आल्या. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. सुरक्षा संशोधकांच्या मते हल्लेखोर शिरले ते एका सहयोगी पुरवठादाराच्या नीट बंदिस्त न केलेल्या जेंकिन्स सर्व्हरमधून. म्हणजे बँकेने निवडलेल्या कंपनीच्याही पलीकडच्या दारातून!

रिझर्व्ह बँकेने आयटी कामं बाहेर देण्याबाबत एप्रिल 2023 मध्ये निर्देश काढले होते. ते व्यापारी आणि मोठ्या नागरी सहकारी बँकांसाठी 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झाले. त्यांचं सार एका वाक्यात सांगायचं तर काम बाहेर देता येतं, जबाबदारी नाही. लहान संस्थेलाही हे तत्त्व तितकंच लागू पडतं.

म्हणून करार वाचायला शिकलं पाहिजे. ‘99.9 टक्के सेवा’ ऐकायला झकास वाटतं, पण हिशोब केला तर वर्षाला पावणेनऊ तास बंद! ते तास ऐन बाजाराच्या दिवशी आले तर? डेटा कोणाच्या मालकीचा? करार संपल्यावर तो कोणत्या स्वरूपात परत मिळणार? पुरवठादाराचे पुरवठादार कोण?

आपल्यासाठी काय?

जून 2022 मध्ये केंद्र सरकारने 63,000 प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची 2,516 कोटींची योजना मंजूर केली. त्यातलं सामाईक सॉफ्टवेअर क्लाउडवरच आहे. म्हणजे गावची विकास सोसायटीसुद्धा आता त्या वाटेवर आहे. तिथल्या सचिवाला हे प्रश्न विचारायला कोण शिकवणार?

मित्रांनो, लिनक्स, नेटवर्किंग आणि सुरक्षा यांचा पाया पक्का करा, पुण्या-मुंबईच्या नोकरीसाठी तर कराच. पण सुट्टीत गावी गेलात की सोसायटीत डोकावून एवढंच विचारा, “बॅकअप परत लावून शेवटचा कधी बघितला?” उत्तर आलं नाही, तर तुमचं काम तिथूनच सुरू होतं.