शिक्षकाची पत आणि मोबाईलचा पडदा

पेढीचे नाव पाटीवर एका दिवसात रंगवता येते; पत मात्र वर्षानुवर्षांच्या चोख व्यवहारानेच जमते. शिक्षकाचेही तसेच आहे. अध्यापक विद्यालयाची दोन वर्षांची पदविका हाती आली, म्हणजे शिक्षकपण आले असे नव्हे. आपण शिक्षक आहोत ही जाणीव आधी स्वतःच्या मनात रुजावी लागते आणि मग समाजाने ती मान्य करावी लागते. या घडणीचा बराचसा भाग आज मोबाईलच्या पडद्यावर होऊ लागला आहे.

रत्नागिरी जिल्ह्यात हा बदल विशेष जाणवतो. डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या, त्यांतील एक-दोन शिक्षकी शाळा आणि पावसाळ्यात अवघड होणाऱ्या वाटा. अशा शाळेत गेलेल्या नवशिक्या शिक्षकाला अडचण विचारण्यास जवळ कोणी नसते. पूर्वी त्यासाठी केंद्रातील पुढच्या बैठकीची वाट पाहावी लागे. आता पाठाचे टाचण त्याच रात्री शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर ठेवता येते. दूरच्या तालुक्यातील एखादी अनुभवी शिक्षिका त्यातील उणीव दाखवते, आणि एकाकी शिक्षकाला आपण एका मोठ्या व्यवसायबंधूंच्या मेळ्यातले आहोत असा धीर येतो. २०१७ मध्ये सुरू झालेले 'दीक्षा' हे शासकीय व्यासपीठ आणि २०२० मध्ये ऑनलाइन झालेले 'निष्ठा' प्रशिक्षण यांनी या वाटेला अधिकृत रूप दिले.

या संदर्भात रणजितसिंह डिसले यांचे उदाहरण बोलके आहे. अभियांत्रिकीचे शिक्षण सोडून ते अध्यापक विद्यालयात आले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत त्यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली. २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांनी त्यातील निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटली. जगाला त्यांची ओळख पडद्यावरून झाली; पण तिचा पाया वर्गातल्या कामाचा होता.

साधन नवे असले तरी तत्त्व जुनेच आहे. याच जिल्ह्यातील पालगड येथे १८९९ मध्ये जन्मलेले साने गुरुजी अमळनेरला शिक्षक असताना वसतिगृहातील मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढत. लेखणी विद्यार्थ्यांसाठी चालली आणि तिनेच गुरुजींमधला शिक्षकही घडवला.

धोका नेमका येथेच आहे. काम मुलांसाठी न होता चित्रफितीसाठी होऊ लागले, तर नाव वाढते, पण पत घटते. वाचताना अडखळणाऱ्या मुलाची चित्रफीत पाहणाऱ्यांचे मनोरंजन करील. त्या मुलाचा संकोच मात्र वर्षानुवर्षे राहील. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या डिजिटल माहितीच्या वापरासाठी पालकांच्या संमतीचे तत्त्व स्वीकारले आहे. छात्राध्यापकांना टाचण लिहिण्याइतकाच हा विवेकही शिकवला पाहिजे.

पालकांचीही यात जबाबदारी आहे. शाळा निवडताना शिक्षकाला किती अनुयायी आहेत हे पाहण्यापेक्षा आपल्या मुलाची वही उघडून पाहावी. शिक्षकाच्या पतीची खरी नोंद तेथेच सापडते.