पावसाळ्यात फटफटी का बसते? प्लगच्या वायरीची आणि कॅपची निगा



या पानावर आपण एरवी बेणे, खते, पाण्याच्या पाळ्या आणि हुमणी यांविषयी बोलतो. या वेळचा विषय जरा वेगळा आहे, पण बांधापासून लांबचा नाही. मोटारसायकल ही आता आपल्या भागात चैनीची वस्तू राहिलेली नाही. दुधाची किटली, खताचे पोते, फवारणीचा पंप, शाळेची मुले आणि रात्री-अपरात्री दवाखाना, सारे तिच्यावरच. रात्रीच्या लाइटीला उसाला पाणी पाजायला जाणारा माणूसही तिच्याच भरवशावर घर सोडतो.

अशी ही गाडी मृगाचे चार थेंब पडले की बसते. किक मारून पाय दुखतो, ढकलून घाम निघतो. मेस्त्री प्लग बदलून देतो, कार्बोरेटर साफ करतो. दोन दिवस बरे जातात आणि पुन्हा पहिले पाढे. उसाची पाने पिवळी पडली की आपण युरियाचे पोते फोडतो, पण खरे दुखणे असते सरीत पाणी साचून मुळ्या गुदमरल्याचे. तसाच हा प्रकार आहे. दोष पुष्कळदा प्लगात नसतोच. तो असतो प्लगपर्यंत करंट नेणाऱ्या जाड वायरीत आणि तिच्या टोकाच्या कॅपमध्ये.

करंटचा मार्ग

मोटारसायकलची बॅटरी बहुधा १२ व्होल्टची. कॉईल मात्र प्लगसाठी दहा-वीस हजार व्होल्टचा दाब तयार करते. आपल्या विहिरीवरची थ्री-फेज मोटार ४१५ व्होल्टवर चालते, त्यावरून अंदाज करा. एवढा दाब असलेला करंट फुटक्या पाटातल्या पाण्यासारखा वागतो. जिथे वाट सापडेल तिथून बाहेर पडतो. प्लगच्या टोकाला ठिणगी पडण्याऐवजी तो वायरीच्या चिरेतून किंवा कॅपच्या ओल्या कडेवरून इंजिनच्या लोखंडात उतरतो.

म्हणूनच अशी गाडी उभी असताना ठीक चालते, आणि मागे पोते टाकून चढ लागला की ठोके खाते. इंजिनवर भार आला, की आतला दाब वाढतो आणि ठिणगी पडायला जास्त व्होल्ट लागतात. तिथे गळका मार्ग उघडा पडतो. प्लगची फट झिजून वाढली तरी हेच होते. म्हणून फट गाडीच्या पुस्तकात दिली असेल तेवढीच ठेवावी.

पाणी काय करते?

निव्वळ पाण्यापेक्षा चिखलाचे आणि खारवट पाणी करंट लवकर वाहून नेते. आपल्या चोपण, क्षारपड रानातला गाळ कॅपवर बसला आणि त्यावर ओल आली, की करंटला आयता रस्ता मिळतो. तो जाताना कॅपवर किंवा प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर जळकी काळी रेघ उमटवतो. ही रेघ कोळशाची असते. एकदा उमटली की पुढे कोरड्या दिवसातही करंट तिथूनच पळतो. अशी कॅप पुसून भागत नाही, बदलावीच लागते.

आणखी एक जागा पाहा. बऱ्याच इंजिनांत प्लग बसतो त्या खळग्यातले पाणी निघून जायला एक बारीक भोक ठेवलेले असते. ते चिखलाने बुजले की खळग्यात पाणी साचते. तारेने ते मोकळे ठेवावे. शेतात निचऱ्याची चारी जेवढी महत्त्वाची, तेवढेच हे भोक.

उष्णता काय करते?

हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचे हेड चांगलेच तापते. साध्या प्लास्टिकचे वेष्टण असलेली वायर त्याला किंवा सायलेन्सरच्या वाकाला टेकली, की आधी मऊ पडते, मग कडक होते आणि शेवटी चिरते. कॅपचे रबरही उन्हाळाभर भाजून ताठ होते आणि प्लगला घट्ट धरत नाही. उन्हाळ्यात पडलेली ही चीर पावसाळ्यात बोलते. म्हणून तपासणी मे महिन्यात करावी, जुलैत नव्हे.

निगा कशी राखावी?

१) वायर हेडला आणि सायलेन्सरला कुठेही टेकता कामा नये. कंपनीने दिलेली क्लिप तुटली असेल तर नवी बसवावी.

२) वायर कॅपकडे येताना किंचित झोळ ठेवावा, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जाते, कॅपमध्ये उतरत नाही. वायरमन सर्व्हिस वायरला झोळ देतो तो याचसाठी.

३) जिथे आच लागतेच, तिथे मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात मिळणारी फायबर ग्लासची नळी वायरीवर चढवावी. ही नळी आच अडवते, पाणी नव्हे. वायर चिरलेली असेल तर आधी वायर बदलावी. बदलताना सिलिकॉन रबराची मिळाल्यास उत्तम. ती उष्णता चांगली सोसते.

४) सायकलची जुनी ट्यूब गुंडाळण्याची आपल्याकडे रीत आहे, ती सोडावी. त्या रबरात काजळी असते आणि एवढ्या दाबाला ती भरवशाची नाही. चिकटपट्टीचा गोंद उष्णतेने वितळतो आणि आत ओल कोंडून ठेवतो.

५) कॅपच्या रबरी ओठाला आतून सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा. चाकाचे साधे ग्रीस किंवा रॉकेल लावू नये, रबर फुगते.

६) पुष्कळ गाड्यांत कॅप वायरीवर स्क्रूने बसते. टोक हिरवे-काळे पडले असेल आणि वायरीला लांबी असेल, तर अर्धा सेंटिमीटर कापून कॅप पुन्हा घट्ट फिरवावी.

७) गाडी गार झाल्यावरच धुवावी आणि पाण्याची धार कॅपवर मारू नये. तापलेल्या प्लगवर गार पाणी पडले तर चिनीमाती तडकू शकते.

गळती ओळखायची सोपी रीत आहे. रात्री उघड्यावर, पेट्रोलचा वास येत नाही याची खात्री करून, गाडी चालू ठेवा आणि दुरून बघा. वायरीवर निळसर ठिणग्या दिसल्या किंवा टिकटिक ऐकू आली, तर दोष सापडला. चालू गाडीची कॅप हाताने उपसून पाहू नका. झटका जोरात बसतो. हृदयाचा विकार किंवा पेसमेकर असलेल्याला तो जिवावर बेतू शकतो.

दोन धोके

पहिला आगीचा. कार्बोरेटर ठिबकत असेल आणि कॅपमधून ठिणगी गळत असेल, तर आग लागायला तिसरे काही लागत नाही. तापलेली गाडी पाचटावर उभी करणेही तितकेच वाईट. वर्षभर वाढवलेला फड जळायला वेळ लागत नाही, आणि जळालेला ऊस लवकर तोडला नाही तर वजनात आणि उताऱ्यात मार खातो.

दुसरा पुराचा. कोल्हापूर-सांगलीकडच्या २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर किती गाड्या पाण्यातून काढाव्या लागल्या, हे आपण जाणतोच. बुडालेल्या गाडीला लगेच किक मारू नका. आत पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. चावी बंद ठेवून प्लग काढावा, किक मारून पाणी बाहेर काढावे. ऑइल दुधाच्या चहासारखे दिसले तर ते बदलल्याखेरीज गाडी चालू करू नये.

पाण्यातून ट्रॅक्टर जातो, मग गाडी का नाही, असे तरुण मंडळी विचारतात. ट्रॅक्टरच्या डिझेल इंजिनाला प्लगची ठिणगी लागत नाही, हे एक कारण. पण वाहत्या पाण्यापुढे ट्रॅक्टरचेही काही चालत नाही. वायर-कॅप कितीही चोख ठेवली, तरी तो पुरातून जाण्याचा परवाना नव्हे. फरशीवरून पाणी वाहत असेल तर अलीकडेच थांबावे. दूध एक दिवस नासले तर भरून काढता येते.

२०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आले, पण पेट्रोलच्या गाडीला प्लग आणि त्यापर्यंत जाणारा जोरकस करंट आजही आहेच. तेव्हा पाऊस सुरू होण्याआधी अर्धा तास काढा आणि एवढी एक वायर हाताखालून घाला. खर्च किरकोळ आहे, आणि रात्री पाणी पाजून परतणारा माणूस वेळेवर घरी पोचतो.

— ऊस विकास अधिकारी